नृत्य, संगीत, चित्रकलेत पीएचडी करणाऱ्या महिलांसाठी नियमांत काय आहे? आणि ते वेळेवर कुणाला कळतं?

"नाचात कसली पीएचडी?"

कथक किंवा भरतनाट्यममध्ये एमए करून संशोधनाकडे वळलेल्या मुलीला हा प्रश्न घरात ऐकावा लागतो, नातेवाइकांकडून ऐकावा लागतो, आणि कधीकधी विद्यापीठातल्याच दुसऱ्या विभागातल्या प्राध्यापकांकडूनही. दुसरा प्रश्न थोडा उशिरा येतो. साधारण लग्नाची बोलणी सुरू झाली की येतो. "मग ते पूर्ण कधी होणार?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर देणं सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र तिच्या हुशारीवर कमी आणि नियम, पैसा, गाईड, घर यांच्यावर जास्त अवलंबून असतं. देशात पीएचडीला नोंदणी केलेल्या महिलांची संख्या २०१४-१५ मध्ये सुमारे ४८ हजार होती, ती २०२१-२२ मध्ये ९९ हजारांच्या घरात गेली, असं केंद्र सरकारचं उच्च शिक्षण सर्वेक्षण सांगतं. नोंदणी वाढली ही चांगलीच गोष्ट आहे. पण नोंदणीपत्र हातात पडणं आणि नावापुढे 'डॉ.' लागणं यांच्यात सहा ते दहा वर्षं असतात. या वर्षांत कोणता नियम आपल्या बाजूचा आहे हे अनेकींना मुदत संपत आल्यावर कळतं.

त्यातही संगीत, नृत्य, नाटक, चित्र, शिल्प या विषयांत संशोधन करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. ('आर्ट्समध्ये पीएचडी' म्हटलं की लोकांना इतिहास किंवा राज्यशास्त्र वाटतं, हा गोंधळ वेगळाच.)

कलेत संशोधन म्हणजे नेमकं काय करतात?

ब्रिटनमधले कला-शिक्षणतज्ज्ञ क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये याची एक साधी विभागणी मांडली होती. एक, कलेविषयीचं संशोधन, म्हणजे कलेचा इतिहास, शास्त्र, समाजाशी असलेलं नातं. दुसरं, कलेसाठीचं संशोधन, म्हणजे कलाकृती घडवण्यासाठी केलेली जमवाजमव. आणि तिसरं, कलेमार्फत केलेलं संशोधन, ज्यात नाचणं, गाणं किंवा चित्र काढणं हीच अभ्यासाची पद्धत असते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या अनेक विद्यापीठांत तिसऱ्या प्रकारात प्रयोग किंवा कलाकृती प्रबंधाचा भाग म्हणून तपासली जाते, सोबत तुलनेने छोटं लेखन जोडायचं असतं.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कागदावरचा प्रबंधच तपासला जातो. वीस वर्षं तालीम केलेली नर्तकी एखाद्या रचनेत लयीचा नवा विचार मांडू शकते. पण परीक्षकांपुढे जाताना तो विचार प्रकरणं, तळटीपा आणि संदर्भसूची यांत बसवावा लागतो. लेखन करायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण अशी की तालमीचे तास कुठेच मोजले जात नाहीत. रोजचा दोन तासांचा रियाज, आठवड्याचा क्लास, कार्यक्रमाआधीच्या रंगीत तालमी हे सगळं 'छंद' या खात्यात जातं आणि ग्रंथालयात बसलेले तास 'संशोधन' ठरतात. रियाज थांबवला तर विषयावरची पकड सुटते आणि चालू ठेवला तर प्रबंध मागे पडतो. घरात स्वयंपाकाची, मुलांची, आजारी सासू-सासऱ्यांची जबाबदारी असेल तर ही ओढाताण आणखी वाढते.

तरीही महाराष्ट्रात ज्या स्त्रियांनी हे केलं त्यांचं काम आज पायाभूत मानलं जातं. किराणा घराण्याच्या गायिका प्रभा अत्रे यांचंच पाहा. विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतलेल्या प्रभाताईंनी संशोधनासाठी विषय निवडला तो सरगमचा. ख्यालगायनात सरगम कशाला, असे आक्षेप घेतले जात होते, त्या काळातली ही गोष्ट. गाताना जे सुचत होतं त्याचं शास्त्र त्यांनी अभ्यासातून मांडलं. पुढे मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात त्या संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या आणि २०२२ मध्ये पद्मविभूषणच्या मानकरी ठरल्या.

दुसरं नाव कनक रेळे यांचं. त्याही कायद्याच्या पदवीधर. मोहिनीअट्टम हा केरळचा नृत्यप्रकार मागे पडत चालला असताना, १९७०-७१ च्या सुमारास त्या केरळमध्ये गेल्या आणि कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा, कल्याणीकुट्टी अम्मा या जुन्या कलावतींचं नृत्य त्यांनी कॅमेऱ्यात टिपून ठेवलं. त्यातून त्यांचा मुंबई विद्यापीठातला पीएचडीचा अभ्यास आणि जुहूच्या नालंदा नृत्य महाविद्यालयातली शिकवण्याची पद्धत घडत गेली. या कथेत एक तपशील बहुतेक वेळा सांगायचा राहतो. या चित्रीकरणासाठी त्यांना संगीत नाटक अकादमी आणि फोर्ड फाउंडेशनचं अनुदान मिळालं होतं. जिद्द होतीच, पण फिल्मचे रोल जिद्दीवर मिळत नाहीत.

किती वर्षं मिळतात? सहा, आठ की दहा?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सावकाश.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. त्यानुसार पीएचडी कमीत कमी तीन वर्षांची, कोर्सवर्क धरून. जास्तीत जास्त मुदत प्रवेशाच्या तारखेपासून सहा वर्षं. त्यानंतर पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, म्हणजे आठ. आणि महिला संशोधकांना, तसंच ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना, त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत दिली जाऊ शकते. एकूण मर्यादा दहा वर्षं.

यातले दोन शब्द नीट वाचायला हवेत. पहिला 'पुनर्नोंदणी'. मुदत आपोआप वाढत नाही. अर्ज करावा लागतो आणि तो मुदत संपण्याआधी करावा लागतो. नोंदणी रद्द झाल्यावर "पण नियमात तर दहा वर्षं आहेत" असं सांगून फार उपयोग होत नाही. दुसरा शब्द 'दिली जाऊ शकते'. म्हणजे विद्यापीठाने आपल्या अध्यादेशात ही तरतूद कशी घेतली आहे, ते पाहावं लागतं. २०२२ च्या आधी नोंदणी झालेल्यांना आधीचे, म्हणजे २००९ किंवा २०१६ चे नियम लागू होतात. त्यामुळे नोंदणीपत्रावरची तारीख ही पहिली पाहायची गोष्ट.

प्रसूती रजेचंही तसंच. पूर्ण पीएचडीच्या काळात महिला संशोधकांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. ही तरतूद २०१६ च्या नियमांतही होती, तरी विभागातल्या लिपिकापासून गाईडपर्यंत अनेकांना ती ऐकून आश्चर्य वाटतं. डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीने पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत यांचे नियम करा, असं विद्यापीठांना कळवलं. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एमएड करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण आलं. बाळंतपणामुळे तिची हजेरी भरत नव्हती. शिक्षण आणि मातृत्व यांपैकी एकच निवडायला स्त्रीला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

नर्तकीच्या बाबतीत २४० दिवस म्हणजे काय, हेही पाहायला हवं. भाषेच्या अभ्यासकाला बाळ झोपलेलं असताना वाचन करता येईल. ज्या संशोधिकेचा विषयच तत्कार किंवा अडवू आहे, तिचं शरीर हेच तिचं अभ्याससाधन असतं. बाळंतपणानंतर पूर्ण ताकदीने नाचायला किती वेळ लागेल हे कोणताही अध्यादेश ठरवू शकत नाही. गाणाऱ्या बाईलाही श्वासाचा दमसास परत कमवावा लागतो. अशा वेळी कामाचा क्रम बदलता येतो. प्रात्यक्षिक आणि क्षेत्रकाम आधी किंवा नंतर, मधल्या महिन्यांत लेखन आणि जुन्या रेकॉर्डिंगचं विश्लेषण. समंजस गाईड हे स्वतःहून सुचवतो.

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगती सादर करावी लागते. काम असमाधानकारक असल्याचा शेरा पुन्हा पुन्हा आला तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस होऊ शकते. म्हणून रजा तोंडी ठरवू नये. रजेचा अर्ज, मंजुरीचं पत्र, त्या काळातल्या बैठकीतून सूट आणि रजेचे दिवस एकूण मुदतीत धरले जाणार की नाही, या चारही गोष्टी लेखी घेतलेल्या बऱ्या.

आणि लग्न होऊन दुसऱ्या शहरात जावं लागलं तर? त्याचीही तरतूद आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने महिला संशोधकाला स्थलांतर करावं लागलं तर तिला आपला संशोधनाचा डेटा नव्या विद्यापीठात नेता येतो. अट एवढीच की ते काम मूळ संस्थेने बाहेरून निधी आणलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं, आणि आधीच्या गाईडला व संस्थेला योग्य श्रेय दिलं जावं. साताऱ्याची मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली तर तीन वर्षांचं काम वाया जायचं कारण नाही. मात्र नव्या ठिकाणी त्याच विषयाचा, जागा रिकामी असलेला गाईड मिळायला हवा. आणि घोडं अडतं ते तिथेच.

गाईड का मिळत नाही?

नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. गाईडची स्वतःची पीएचडी हवी, ठरावीक संख्येने शोधनिबंध हवेत, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

इतिहास किंवा रसायनशास्त्राच्या विभागात हे जमून जातं. ललित कलांचे विभाग मात्र लहान. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत मुंबई विद्यापीठाचे संगीत आणि नाट्य विभाग आहेत, एसएनडीटी आहे, आणखी काही संस्था आहेत. पण प्रत्येक ठिकाणी कायमस्वरूपी, पीएचडीधारक शिक्षक किती, हे मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. त्यात लावणीवर काम करायचं असेल, ध्रुपदवर करायचं असेल किंवा स्त्री-चित्रकारांवर, तर नेमका जाणकार मिळणं आणखी अवघड.

जाणकार नाहीत अशातला भाग नाही. ते विद्यापीठाबाहेर आहेत. एखाद्या घराण्याची बंदिश कशी चालते हे ज्यांना रक्तात माहीत आहे अशा गुरूंकडे पीएचडी नसते, त्यामुळे ते गाईड होऊ शकत नाहीत. २०२२ च्या नियमांत एक वाट मात्र आहे. संलग्न, म्हणजे अॅडजंक्ट, म्हणून नेमलेल्या व्यक्तीला मुख्य गाईड होता येत नाही, पण सहमार्गदर्शक होता येतं. विद्यापीठांनी चार ज्येष्ठ कलावंतांना अशी नेमणूक दिली तर प्रबंधाची शिस्त एकाकडून आणि कलेची तपासणी दुसऱ्याकडून, असं होऊ शकतं. ही वाट फारशी कुणी वापरताना दिसत नाही, हे खरं तर नवलच.

गुरू, गाईड आणि 'नाही' म्हणण्याची जागा

कलेच्या शिक्षणात गुरूच्या घरी शिकणं, दौऱ्यावर सोबत जाणं, रात्री उशिरापर्यंत तालीम करणं हे स्वाभाविक मानलं जातं. मुद्रा किंवा पवित्रा सुधारताना स्पर्श होतो. गुरूच्या एका शब्दावर कार्यक्रम मिळतात आणि जातात. तीच व्यक्ती पीएचडीची गाईडही असेल, तर तिच्याकडून त्रास झाल्यावर बोलायचं कसं? चेन्नईच्या कलाक्षेत्र फाउंडेशनमध्ये मार्च २०२३ मध्ये विद्यार्थिनी आंदोलनाला बसल्या, नंतर एका शिक्षकाला अटक झाली, तेव्हा हा प्रश्न देशभर चर्चेत आला.

कायदा इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत, त्यात संशोधक विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी येतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची, सबळ कारण असेल तर समिती ही मुदत वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची.

संशोधिकेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तरतूद मात्र वेगळी आहे. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करू नये, असा अंतरिम आदेश देता येतो. म्हणजे "तक्रार केली तर माझा प्रबंध अडवतील" या भीतीवर नियमात उत्तर आहे. तीन महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते. गुरूच्या खासगी क्लासमध्ये किंवा घरी घडलेली घटना विद्यापीठाच्या समितीकडे जाईल का, हे त्या व्यक्तीचं विद्यापीठाशी नातं काय यावर ठरतं. समितीची वाट बंद असली तरी पोलिसांची वाट खुली असते, आणि असंघटित क्षेत्रासाठी जिल्हा पातळीवरची स्थानिक समितीही असते.

पैसे कुठून येतात?

सगळ्यात मोठा आधार नेट-जेआरएफचा. नेट परीक्षेत संगीत, प्रयोगकला (नृत्य, नाटक) आणि दृश्यकला हे स्वतंत्र विषय आहेत. जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७ हजार रुपये, पुढे एसआरएफ झाल्यावर ४२ हजार, घरभाडे भत्ता वेगळा. एकूण मुदत पाच वर्षं. वयाची मर्यादा ३० आहे, पण महिलांना पाच वर्षांची सूट मिळते, म्हणजे ३५ पर्यंत. ही सूट अनेकींना माहीत नसते. विशारद, अलंकार, मग एमए असा लांबचा रस्ता करून आलेल्या मुली तिशी ओलांडली म्हणून फॉर्मच भरत नाहीत. फक्त पीएचडी प्रवेशासाठी नेट द्यायची असेल तर वयाची अट नाही. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश घेता येतो. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना अडचण येते ती अशी की संगीताची किंवा नृत्याची ही प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते.

आता वरचे आकडे शेजारी ठेवून पाहा. पीएचडीला महिलांसाठी दहा वर्षांपर्यंत मुदत, फेलोशिप पाच वर्षांची. बाळंतपण, स्थलांतर, गाईड बदलणं यांत पहिली पाच वर्षं गेली तर उरलेला काळ स्वतःच्या खिशातून काढायचा. जिला क्लास घेऊन, कार्यक्रम करून घर चालवावं लागतं तिचा प्रबंध इथेच रखडतो. फेलोशिपच्या काळात पगारी नोकरी करता येत नाही. कार्यक्रमाची बिदागी त्यात बसते का, हे आधीच विद्यापीठाला लेखी विचारून घेतलेलं बरं, नंतर वसुलीची नोटीस येण्यापेक्षा.

आई-वडिलांचं एकुलतं एक अपत्य असलेल्या मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्यांना पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार असा तिचा दर आहे. भाऊ असेल तर ती मिळत नाही. जुळ्या बहिणींना अर्ज करता येतो.

राज्यात अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत. त्या विषयानुसार भेद करत नाहीत, तमाशावरचा अभ्यासही चालतो. २०२३ मध्ये या फेलोशिपच्या संख्येवर मर्यादा आल्यावर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्याच डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार, असा सवाल केला आणि मोठा गदारोळ झाला. कलेत संशोधन करणाऱ्यांना तो सवाल नवा नव्हता, त्या तो घरीच ऐकत आल्या होत्या.

पीएचडीबाहेर राहून संशोधन करायचं असेल तर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची फेलोशिप पाहावी. २५ ते ४० वयोगटासाठी कनिष्ठ फेलोशिप महिना १० हजार, चाळिशीनंतर ज्येष्ठ फेलोशिप महिना २० हजार, दोन्ही दोन वर्षांसाठी. रक्कम जेआरएफच्या मानाने फारच थोडी, पण नेटची अट नाही आणि मुलं मोठी झाल्यावर पुन्हा अभ्यासाकडे वळणाऱ्या बायकांना चाळिशीनंतरची ही वाट उपयोगाची आहे. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्थाही कलासंशोधनाला अनुदान देते आणि भारतीय भाषांतले प्रस्ताव घेते, म्हणजे मराठीत लिहिलं तरी चालतं.

खर्च कशाचा असतो, हे कुणी विचारतं का?

मानव्यविद्यांच्या संशोधकांना जेआरएफसोबत पहिली दोन वर्षं वर्षाला १० हजार आणि नंतर साडेवीस हजार रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळतात. पुस्तकं, झेरॉक्स, प्रवास यांसाठी ते कसेबसे पुरतात. पण नृत्याच्या संशोधिकेला तबलजी लागतो, हार्मोनियम आणि पढंतवाले लागतात, हॉल लागतो, कॅमेरा लागतो. त्यांच्या बिलांवर जीएसटी क्रमांक नसतो, मग लेखा विभाग ती परत पाठवतो. शिल्पकाराला ओतकामाचा खर्च, चित्रकाराला रंग आणि कॅनव्हास. विभागाने साथसंगतीच्या मानधनासाठी पावतीचा एक साधा नमुना मंजूर करून ठेवला तर संशोधिकेचे कितीतरी हेलपाटे वाचतील.

क्षेत्रकामातही असंच. तमाशाच्या फडावर, जागरण-गोंधळात, रात्री बारानंतर सुरू होणाऱ्या दशावतारात बाईने एकटीने रेकॉर्डिंगला जायचं तर सोबत कोण, परत कसं यायचं, मुक्काम कुठे, हे प्रश्न सिनॉप्सिसमध्ये कुणी विचारत नाही. सोबत येणाऱ्या व्यक्तीचा प्रवासखर्च बहुतेक ठिकाणी मंजूर होत नाही.

रेकॉर्डिंग केल्यावर ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं काय, हाही संशोधनाचाच भाग. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजारांहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव तिथे दिलेलं असतं. कॉपीराइट कायद्यातही कलावंताचा आपल्या सादरीकरणावर हक्क मान्य केलेला आहे. संमतीपत्र मराठीत, सोप्या शब्दांत असावं आणि वाचून दाखवावं, ही किमान अपेक्षा.

विभाग काय करू शकतो?

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा जीआर लागत नाही. रियाजाची खोली संध्याकाळी सातनंतरही उघडी ठेवता येते. प्रबंध सादर करण्याआधी होणारं जाहीर सादरीकरण सप्रयोग व्याख्यानाच्या रूपात घेता येतं, म्हणजे निदान तिथे तरी संशोधिकेला नाचून, गाऊन आपला मुद्दा दाखवता येईल. आरएसीच्या बैठकांच्या तारखा महिनाभर आधी कळवता येतात. लहान मूल असलेल्या संशोधिकेला बैठक ऑनलाइन देता येते, नाही तरी मौखिक परीक्षेला ऑनलाइनची परवानगी नियमातच आहे. नोंदणीच्या दिवशीच मुदत, पुनर्नोंदणी, रजा, स्थलांतर आणि तक्रार समिती यांची माहिती देणारं एक पान मराठीत हातात दिलं, तर पुढची निम्मी धावपळ वाचेल.

संशोधिका आपापसांतही बरंच काही करतात. पंधरा दिवसांतून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटायचं, प्रत्येकीने लिहिलेली चार पानं वाचायची, असे छोटे गट प्रबंध पुढे ढकलायला फार उपयोगी पडतात. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात. मराठीतून लिहिलेले संगीत-नाट्यविषयक प्रबंधही तिथे आहेत. विषय ठरवण्याआधी तिथे एक संध्याकाळ घालवली तर तोच विषय आधी कुणी केला आहे हे तिसऱ्या वर्षी कळण्याची वेळ येत नाही.

आणि पीएचडीनंतर?

जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट पुरेशी आहे. कलेच्या विषयांत तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी आणखी एक दार ठेवलं आहे. नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी असलेल्या, शास्त्र समजावून सांगू शकणाऱ्या पदवीधर कलावंतालाही सहायक प्राध्यापक होता येतं. म्हणजे शिकवायला नेमताना नियम रंगमंचावरचं काम मोजतात. प्रबंध तपासताना मात्र तेच काम बहुतेक ठिकाणी परिशिष्टात जोडलेल्या पेन ड्राइव्हमध्ये जातं, आणि परीक्षकांनी ती पेन ड्राइव्ह उघडलीच पाहिजे, असं कुठल्याही फॉर्मवर लिहिलेलं नसतं.